८ जीबी रॅम बसवली, पण वापरात ३.२५ जीबीच: बाकीची मेमरी अडते कुठे?

कॉम्प्युटर फार अडखळत होता, म्हणून आतल्या ४ जीबी रॅमशेजारी मी आणखी एक ४ जीबीची स्टिक बसवली. चालू करून सिस्टिमची माहिती उघडली. ओळ अशी होती: इन्स्टॉल्ड मेमरी ८.०० जीबी, आणि पुढे कंसात ३.२५ जीबी युजेबल. स्टिक खराब निघाली असं समजून मी ती बदलून आणली. दुसरी बसवली, पुन्हा तेच ३.२५. स्टिक बदलूनही आकडा तसूभर हलला नाही, याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा लागला. दोन्ही स्टिक चांगल्या होत्या. कॉम्प्युटरला त्या दिसतही होत्या. त्यांच्यापर्यंत पोचायला लागणारे पत्तेच संपले होते.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर नवीन काही विकत घेण्याआधी हा लेख वाचा. मेमरीचा प्रवास चार टप्प्यांत होतो: स्टिक, बायोस (कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी धावणारा, मदरबोर्डवरचाच प्रोग्रॅम), ऑपरेटिंग सिस्टिम आणि शेवटी तुमचा प्रोग्रॅम. यातल्या कुठल्या टप्प्यावर ती अडली आहे एवढं कळलं की निम्मं काम झालं. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन पायऱ्यांना पाच-दहा मिनिटं लागतात आणि बहुतेकांना उत्तर तिथेच सापडतं.

हाताशी काय हवं:

- मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं मॉडेल आणि त्याचं मॅन्युअल. निर्मात्याच्या संकेतस्थळावर ते सहसा मिळतं.
- कागद-पेन. दिसेल तो प्रत्येक आकडा लिहून ठेवा.
- पेटी उघडायची वेळ आली तर योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर.
- डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधली डिस्क सांकेतिक करून ठेवणारी सोय) कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की, त्या कॉम्प्युटरच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवलेली. बायोसमधल्या काही सेटिंग बदलल्या की पुढच्या वेळी ती की मागितली जाते. नसेल तर आपल्याच फायली आपल्याला उघडता येत नाहीत. हे आधी करा, मगच पुढे जा.
- ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकावी लागली तर सगळ्या फायलींचा बॅकअप.

१. आधी आकडे नीट वाचा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. वर उजवीकडे एकूण मेमरी दिसते. खाली बारीक अक्षरांत स्लॉट्स यूज्ड, स्पीड आणि हार्डवेअर रिझर्व्हड या ओळी असतात. सगळ्यात कामाची ओळ हार्डवेअर रिझर्व्हड. बसवलेल्या रॅमपैकी विंडोजला हातच लावता येत नाही असा हा हिस्सा. तो काही एमबी किंवा शे-दोनशे एमबी असेल तर चिंता नको. बायोससारख्या, यंत्रातच साठवलेल्या प्रोग्रॅमना थोडी जागा लागतेच. तिथे दोन-चार जीबी दिसत असतील तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

इथे दोन गैरसमज फार जणांना होतात. पहिला, फ्री मेमरी कमी दिसते म्हणजे रॅम हरवली असं वाटणं. ऑपरेटिंग सिस्टिम मोकळी रॅम रिकामी पडू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली ती तिथे धरून ठेवते आणि एखाद्या प्रोग्रॅमने मागितली की लगेच सोडते. रिसोर्स मॉनिटरमध्ये हा भाग स्टँडबाय म्हणून वेगळ्या रंगात दिसतो. लिनक्सवर फ्री ही कमांड चालवलीत तर फ्रीचा रकाना सोडून अव्हेलेबलचा वाचा. दुसरा गैरसमज ग्राफिक्सचा. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर शेअर्ड जीपीयू मेमरी म्हणून साधारण निम्म्या रॅमएवढा आकडा दिसतो. तेवढी रॅम कुणी काढून घेतलेली नसते. गरज पडली तर ग्राफिक्सला कुठवर जाता येईल याची ती फक्त मर्यादा आहे.

२. बायोसला विचारा

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा आणि सुरुवातीलाच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा (काही मॉडेलांत दुसरी की असते, मॅन्युअलमध्ये बघा). बायोसच्या पहिल्याच पानावर बहुधा एकूण मेमरी लिहिलेली असते. बऱ्याच बोर्डांवर कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबी हेही दिसतं. तो आकडा कागदावर उतरवा.

पुढची वाट इथे ठरते. बायोसमध्येच मेमरी कमी दिसत असेल तर अडचण स्टिक, स्लॉट किंवा बोर्डात आहे. तिसऱ्या पायरीवर जा. बायोस पूर्ण आकडा दाखवतो आणि विंडोज कमी, असं असेल तर पेटी उघडायचं कारणच नाही. थेट चौथी पायरी. माझ्या बायोसमध्ये ८१९२ एमबी असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते आधी बघितलं असतं तर स्टिक बदलायची धावपळ वाचली असती.

३. बायोसलाच कमी दिसत असेल तर

कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, लॅपटॉप असेल आणि बॅटरी सुटत असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. पेटीच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच स्टिकला हात घाला. स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोटं लावू नका.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे नीट न बसलेली स्टिक. डेस्कटॉपवर स्टिकच्या दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. कडेचे खटके आपोआप उभे होऊन खट् असा आवाज येतो. काही बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो. तिथे दुसरं टोक अर्धवट वर राहिलं तरी पटकन लक्षात येत नाही. डोळे स्लॉटच्या पातळीला आणून बघा, स्टिकची कड स्लॉटला समांतर हवी. लॅपटॉपची स्टिक तिरकी आत सरकवून मग खाली दाबायची असते. आत पूर्ण सरकलेली नसेल तर सोनेरी पट्ट्यांची रुंद रेघ बाहेर दिसत राहते. स्टिकवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, ती मुद्दामच, चुकीची स्टिक बसूच नये म्हणून.

नीट बसवूनही आकडा तोच राहिला तर एकेक करून तपासा. समजा दोन स्टिक आहेत, अ आणि ब, आणि दोन स्लॉट. आधी अ एकटी पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. नंतर ब एकटी पहिल्यात, मग दुसऱ्यात. चार वेळा बायोसचा आकडा लिहा. अ दोन्ही स्लॉटमध्ये चालते आणि ब कुठेच चालत नाही, तर ब खराब आहे किंवा तुमच्या बोर्डाशी तिचं जुळत नाही. दोन्ही स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात एकही नाही, तर स्टिक निर्दोष आहेत. मग स्लॉट किंवा प्रोसेसर बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर एकटी स्टिक कुठे लावायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पाळा.

प्रोसेसरचा इथे काय संबंध, असं वाटेल. आजच्या कॉम्प्युटरमध्ये रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकली, किंवा वरचा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी मेमरीचा एक आख्खा चॅनेल (प्रोसेसर आणि काही स्लॉट यांच्यातली वाट) गायब होऊ शकतो. नुकताच प्रोसेसर किंवा कूलर बदलला असेल आणि त्यानंतरच रॅम निम्मी झाली असेल तर संशय तिथे घ्या. पिना सरळ करायला मात्र स्वतः बसू नका, जाणकाराकडे द्या.

मग उरते बोर्डाची मर्यादा. मॅन्युअलमध्ये दोन आकडे शोधा: एकूण जास्तीत जास्त किती, आणि एका स्लॉटला जास्तीत जास्त किती. लोक पहिलाच वाचतात. दोन स्लॉट आणि एकूण १६ जीबी असेल तर प्रत्येकी ८ जीबी. १६ ची एकच स्टिक चालेलच असं नाही. काही जुने बोर्ड मोठी स्टिक अर्धीच ओळखतात, काही तर चालूच होत नाहीत.

आणखी एक सूचना डीडीआर५ असलेल्यांसाठी. स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड त्या वेळी नव्या मेमरीशी जुळवून घेत असतो. घाबरून मध्येच वीज बंद करू नका.

४. सिस्टिम ३२ बिटची आहे का, ते बघा

बायोस पूर्ण आकडा दाखवतो आणि विंडोजमध्ये मेमरी ३ ते ३.५ जीबीच्या आसपासच थांबते, असं असेल तर जवळजवळ नक्कीच हेच कारण. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि सिस्टिम टाइपची ओळ वाचा. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर या दोघांचे बिट वेगवेगळे लिहिलेले असतात. ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, ६४ बिट प्रोसेसर असं दिसलं तर बातमी चांगली आहे: काहीही विकत न घेता तुमची मेमरी परत मिळेल.

पण हे होतं का, ते समजून घेऊ. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो. पत्ता लिहायला ३२ बिट असतील तर ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते तयार होतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मग ४ जीबी रॅम असली तरी ३.२५ च का दिसते? कारण ते पत्ते एकट्या रॅमचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची स्वतःची चिप यांच्याशीसुद्धा प्रोसेसर पत्त्यानेच बोलतो. त्यांच्यासाठी ४ जीबीच्या हद्दीतले सगळ्यात वरचे पत्ते राखून ठेवलेले असतात. एखाद्या गल्लीत १०० च घरक्रमांक द्यायचे आहेत आणि त्यातले शेवटचे २० दवाखाना, शाळा, पोस्टाला दिले, असं समजा. १०० घरं बांधली तरी क्रमांक ८० घरांनाच मिळणार. उरलेली २० घरं उभी आहेत, पण तिथे पत्र पोचत नाही.

म्हणूनच हा आकडा प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळा येतो. कुणाला ३.५ दिसतात, कुणाला ३.२५, कुणाला २.७५. मोठं ग्राफिक्स कार्ड लावलं की ते जास्त पत्ते मागतं आणि वापरता येणारी रॅम आणखी घटते. कार्डाला स्वतःची मेमरी असूनही हे घडतं, कारण वाटा पत्त्यांमध्ये पडतो.

ही गोष्ट नवी नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या ८०८८ प्रोसेसरला २० बिटांचा पत्ता होता, म्हणजे १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी पत्ते स्क्रीन, रॉम वगैरेंसाठी राखलेले, आणि प्रोग्रॅमना उरले ६४० केबी. डॉसच्या काळात ज्यांनी ६४० केबीशी झुंज दिली आहे, त्यांना ३.२५ जीबीचं कोडं लगेच उलगडेल. १९८५ मध्ये ३८६ प्रोसेसरबरोबर ३२ बिट आले तेव्हा ४ जीबी हा आकडा अफाट वाटत होता.

यावर एक उपाय फार पूर्वीच निघाला होता. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये पीएई नावाची सोय आली. तिने रॅमचा पत्ता ३६ बिटांचा केला, म्हणजे ६४ जीबीपर्यंत वाट मोकळी. ३२ बिट लिनक्सचे पीएई असलेले कर्नल (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ती वापरत असत आणि ३२ बिट विंडोज सर्व्हर २००८ ची एंटरप्राइझ आवृत्तीही ६४ जीबी वापरू शकते. घरगुती ३२ बिट विंडोजवर मात्र मायक्रोसॉफ्टने ४ जीबीची मर्यादा ठेवली, कारण अनेक ड्रायव्हरना (उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना) ४ जीबीपलीकडचे पत्ते पेलत नव्हते आणि सिस्टिम कोसळत होती.

इथे तीन सापळे आहेत. विंडोजच्या कर्नलची फाइल बदलून पूर्ण रॅम मिळवून देणारे पॅच इंटरनेटवर फिरतात. ते टाकू नका. परक्याने बदललेला कर्नल चालवणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणं आहे, शिवाय ड्रायव्हरची ती जुनी अडचण राहतेच. दुसरा सापळा थ्री-जीबी स्विच, म्हणजे विंडोजच्या बूट सेटिंगमधला एक पर्याय. त्याच्या नावावरून लोक फसतात. एका प्रोग्रॅमला पत्त्यांचा किती वाटा आणि कर्नलला किती, एवढंच तो ठरवतो. दिसणारी रॅम त्याने वाढत नाही. तिसरा सापळा बायोसमधल्या मेमरी रिमॅपचा. यंत्रांच्या पत्त्यांखाली दबलेली रॅम उचलून ४ जीबीच्या वर मांडायचं काम रिमॅप करतो. तो चालू असायलाच हवा, पण ३२ बिट विंडोजला त्या वरच्या पत्त्यांचा उपयोग नाही. उलट तुम्ही ६४ बिट विंडोज टाकली आणि रिमॅप बंद राहिला, तर आकडा पुन्हा ३ च्या घरात अडकतो.

एक अपवाद दुःखद आहे. इंटेलच्या ९४५ मालिकेतल्या चिपसेटसारख्या काही जुन्या चिपसेटना (प्रोसेसर आणि बाकी भाग जोडणाऱ्या, बोर्डावरच्या चिपांना) रिमॅप येतच नाही. अशा लॅपटॉपवर ४ जीबी बसवता येते, ६४ बिट सिस्टिमही टाकता येते, तरी वापरात ३ जीबीच्या थोडं वरच येते. त्यावर इलाज नाही. तिथे ३ जीबीवर समाधान मानावं आणि पैसे पुढच्या मशीनसाठी ठेवावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

५. ६४ बिटवर कसं जायचं

३२ बिट विंडोजवरून ६४ बिटवर अपग्रेडचं बटण दाबून जाता येत नाही. नव्याने टाकावी लागते आणि त्यात डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून आधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतो का ते प्रत्यक्ष बघा. मग तुमच्या प्रिंटर, स्कॅनर आणि बाकी उपकरणांचे ६४ बिट ड्रायव्हर मिळतात का ते तपासा, कारण ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर नाही हे नंतर कळणं फार त्रासाचं असतं. साधे ३२ बिट प्रोग्रॅम मात्र चालतात. १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत. त्याच आवृत्तीचा ६४ बिट अवतार टाकणार असाल तर वेगळा परवाना घ्यावा लागत नाही.

६. सिस्टिम ६४ बिट असूनही आकडा कमी?

एमएसकॉन्फिग (विंडोजची सिस्टिम कॉन्फिगरेशनची खिडकी) उघडा, बूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे मॅक्झिमम मेमरी नावाची चौकट असते. ती टिक करून आपल्या रॅमचा आकडा भरला की कॉम्प्युटर वेगवान होतो, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो चूक आहे. ती चौकट मेमरीवर झाकण घालते. तपासणी करणाऱ्यांना कमी रॅमचा कॉम्प्युटर भासवता यावा म्हणून ती आहे. टिक असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. लिनक्सवर हेच काम बूट ओळीतला मेम हा पर्याय करतो. कुणी तो ठेवून दिला आहे का ते बघा.

मग विंडोजची आवृत्ती. ६४ बिटमध्येही परवान्यानुसार छत ठरलेलं असतं. विंडोज ७ होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६ जीबी, प्रोफेशनलला १९२ जीबी. विंडोज १० आणि ११ च्या होमला १२८ जीबी, म्हणजे घरच्या कामात कुणी तिथवर पोचत नाही.

सध्या सगळ्यात जास्त दिसणारं कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसणं हे आहे. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपली मेमरी रॅममधूनच घेतं, आणि त्यातला ठरावीक भाग बायोस सुरुवातीलाच बाजूला काढतो. १६ जीबीच्या लॅपटॉपवर १३.९ दिसतात ते बहुतेक यामुळे. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर किंवा तशाच नावाची सेटिंग असेल तर ती ऑटो किंवा ५१२ एमबीवर आणून बघा. खेळ खेळत असाल तर हा भाग फार आवळू नका. त्या रॅमचा तिथे खरा उपयोग होतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सेटिंग दिलेलीच नसते.

जुना सर्व्हर घरी आणला असेल आणि रॅम बरोबर निम्मी दिसत असेल, तर बायोसमध्ये मेमरी मिररिंग चालू आहे का ते बघा. त्यात प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली जाते, म्हणून वापरायला अर्धीच उरते. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर एकच प्रोसेसर असेल तर दुसऱ्याच्या वाट्याचे स्लॉट निर्जीव असतात. स्टिक हलवल्या की काम होतं.

७. सगळी रॅम दिसते, तरी एखादा प्रोग्रॅम मेमरी संपली म्हणतो

टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या पानावर रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून प्लॅटफॉर्म हा रकाना जोडा. तिथे त्या प्रोग्रॅमपुढे ३२ बिट असेल तर त्याला सहसा २ जीबीपलीकडे जाता येत नाही, आणि तशी खास सोय करून बनवला असेल तर ६४ बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंत. कॉम्प्युटरमध्ये ३२ जीबी असली तरी त्याला फरक पडत नाही. त्या प्रोग्रॅमची ६४ बिट आवृत्ती शोधा.

८. स्टिक बदलून घ्यायला जाण्याआधी

तिसऱ्या पायरीत एखादी स्टिक खरंच संशयित ठरली असेल तर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाका आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. विंडोज त्यात येतच नाही, त्यामुळे ३२ बिटचा किंवा परवान्याचा प्रश्न मध्ये येत नाही. ती स्टिक एकटी ठेवा आणि रात्रभर चालू द्या. लाल ओळ एक जरी आली तरी स्टिक परत करण्याजोगी आहे. पण तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्येही चुका दाखवते का ते एकदा बघा.

जाताना सोबत न्या: बायोसच्या पानाचा फोटो, चार वेळच्या तपासणीचा कागद, मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो, स्टिकवरच्या लेबलचा फोटो आणि बिल. लेबल स्टिकवरून सोलू नका, ते निघालं की वॉरंटी नाकारली जाऊ शकते.